निळ्या पडद्यापलीकडचं गरम पाणी

माझा नवरा कुठल्याही दुखण्यावर गरम पाणी सांगतो. पाठ धरली, गरम पाणी. पोट बिघडलं, गरम पाणी. आयर्लंडमधल्या ल्यूकन गावच्या आमच्या घरात शेकायच्या रबरी पिशवीला देव्हाऱ्याखालोखाल मान आहे. आणि या माणसाला चाळिशीत तिथल्या गारठलेल्या समुद्रात बुड्या मारायचं वेड लागलं. किनाऱ्यावर थर्मास घेऊन उभं राहायचं आणि तो वर येईपर्यंत जीव मुठीत धरायचा, हे माझं रविवारचं काम.

यंदा त्याचा डायव्हिंग क्लब जपानला इझूच्या किनाऱ्यावर गेला, मीही गेले. तिथं समुद्रालगतच गरम पाण्याचे झरे आणि मुक्कामाच्या ठिकाणीच त्यांची कुंडं. म्हटलं, चला, इथे तरी हा कुडकुडणार नाही.

दुसऱ्या दिवशी बुडी मारून तो खांदा चोळतच आला. "सिलिंडर उचलताना लचकला असेल. पाण्यात बसतो जरा, मोकळा होईल." मीच टॉवेल दिला. फोन माझ्याकडे देऊन तो पुरुषांच्या बाजूच्या निळ्या पडद्यामागे गेला.

बाहेर क्लबची म्होरकी, एक वयस्कर आयरिश बाई, चहा पीत होती. एरवी कशालाही 'ग्रँड', म्हणजे सगळं झकास, म्हणणारी. नवरा कुठाय, विचारलं तिनं. मी सांगितलं, खांदा दुखतोय म्हणून गरम पाण्यात बसायला गेलाय. तिनं कप खाली ठेवला. खोल बुडीनंतर सांधा दुखला तर अंगात हवेचे बुडबुडे अडकलेले असू शकतात, गरम पाण्यानं ते आणखी वाढतात, त्याला आत्ताच्या आत्ता बाहेर काढ, म्हणाली आणि ऑक्सिजन आणायला धावली.

मी पळतच पडद्याशी जाऊन हाक मारली, उत्तर नाही. आत सगळे उघडे पुरुष. खड्ड्यात गेली लाज, म्हटलं, आणि चपलांसकट शिरले.

वाफेत काही दिसेना. एका आजोबांनी घाईघाईनं टॉवेल पुढं धरला. कुंडात हा नव्हता. बुडाला, गेला तळाशी, एवढंच डोक्यात आलं. मी पाण्यात हात घालणार, तोच मागून आवाज आला, "अगं, तू इथे काय करतेस?"

कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर बसून तो पाठ घासत होता. कुंडात उतरण्याआधी तिथे साबणानं अंग स्वच्छ धुवावं लागतं. आणि याची आंघोळ म्हणजे सत्यनारायणाची पूजा, लवकर उरकतच नाही. त्यावरून मी त्याला रोज बोलते.

"पाण्यात उतरलास?"

"अजून नाही."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले.

दुखणं तेच निघालं. ऑक्सिजन लावून त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं, उपचार झाले, खांदा सुटला. मी मात्र त्या रात्री त्याचा हात सोडला नाही.

आता ल्यूकनला तो आंघोळीला गेला की किती वेळ, असं मी विचारत नाही. दाराबाहेर उभी राहते. शॉवर असूनही तो बादली भरून तांब्यानंच पाणी घेतो, त्याचा आवाज ऐकते. आवाज थांबला की हाक मारते. त्यानं ओ दिली की मग खाली जाते.