मास्तरांचा दम

तलासरीकडच्या पाड्यावरून एक पोरगा घोलवडला आमच्या वाडीत चिकूची खोकी भरायला यायचा. हात चिकू निवडायचे आणि मिटल्या ओठांनी गाल फुगायचे. लग्नसराईत तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. बँडच्या म्हाताऱ्या मास्तरांनीच त्याला शिकवलं होतं.

लष्कराच्या बँडच्या भरतीत तो पहिल्यांदा नापास झाला. कागदावर लिहिलेले सूर त्याला वाचता येईनात.

"आता काय रे करणार?" मी विचारलं.

"शिकणार ना," एवढंच म्हणाला. डहाणूत एका शिक्षकाकडे जाऊन शिकला आणि पुढच्या भरतीत निवडला गेला.

पहिल्या रजेवर आला तेव्हा माझ्या पुतणीचं लग्न होतं. "वरातीत वर्दी घालून वाजव," असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. तो साधा शर्ट घालून आला आणि मास्तरांच्या मागे जाऊन उभा राहिला.

मास्तरांना आता धाप लागायची. लांबवलेला सूर मध्येच तुटायचा. तो तुटायला आला की हा मागून हळूच तोच सूर धरायचा, आणि मास्तरांनी श्वास घेतला की ट्रम्पेट खाली घ्यायचा. मी शेजारून चालत होतो, म्हणून मला कळलं. नाचणाऱ्यांना पत्ताही नव्हता.

वरात मांडवात पोचल्यावर मास्तर घाम पुसत म्हणाले, "आज दम चांगला टिकला बघ माझा."

"टिकणारच मास्तर," पाण्याचा पेला त्यांच्या हातात देत तो म्हणाला, "तिकडे सगळ्यांना सांगतो मी तुमच्या दमाचं."