नाव पुसलेलं अंडं

आता तिन्हीसांजेला कुणी आडवं होतं का? पण हेमलता होते. पहाटेपासून तिचा पाय ठरलेला नाही, कंबर बोलायला लागली आहे आणि मागल्या पडवीतली बाज अगदी समोर आहे. परसात मडक्याला नुकताच जाळ लागलाय. पोपटी व्हायला वेळ आहे अजून. तेवढ्यात पाठ टेकली तर काही घर बुडत नाही, असं स्वतःलाच बजावून ती डोक्याखाली हात घेते.

दर सव्वीस जानेवारीला, शाळेतलं झेंडावंदन उरकलं की, चौलच्या या परसात पोपटीला तीन घरं जमतात. हेमलतेच्या घरतांचं, पलीकडचं वर्तकांचं आणि कोपऱ्यावरचं अधिकाऱ्यांचं. नातं म्हणाल तर कुणाचंच कुणाशी नाही, पण बारसं असो की बारावं, आधी हीच माणसं दारात. वालाच्या शेंगा, बटाटे, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी आणि अंडी, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात दडपून मडक्यात भरायचं, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवतीनं जाळ करायचा. हे काम इतकी वर्षं मोरेश्वर वर्तकांचं. एसटीत ड्रायव्हर होते, पण मडक्यापाशी बसले की मामलेदार. जाळ लागल्यावर "झालं का?" असं कुणी विचारायचं नाही, हा त्यांचा कायदा. विचारलं की पोपटी रुसते म्हणायचे. मग कधीतरी तेच मडक्यावर पाणी शिंपडायचे, चर्र आवाज नीट ऐकायचे आणि म्हणायचे, "झालं." मग पहिलं अंडं स्वतः उचलायचे आणि मीठ मागायचे. त्या माणसाला कितीही मीठ घाला, कमीच.

गौरी-गणपती उठले आणि आठवड्याभरात मोरेश्वर गेले.

अंड्यांवर पेन्सिलीनं नावं घालायची रीत हेमलतेची. पोरं भांडायची म्हणून कधीतरी सुरू केली आणि मग मोठ्यांनाही आपापलं अंडं शोधायची गोडी लागली. आज सकाळी ती नावं घालत बसली होती. हाताला सवय, दुसरं काय. लिहून झाल्यावर बघते तर अंड्यावर "मोरेश्वर". शेजारी मोरेश्वरांची बायको कुंदा शेंगा निवडत बसली होती. तिच्या नजरेला पडू नये म्हणून हेमलतेनं घाईघाईनं पदरानं नाव पुसलं आणि त्याच अंड्यावर आपल्या नवऱ्याचं नाव लिहून टाकलं, दामोदर. चांगलं अंडं वाया कशाला घालवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

तेव्हापासून मात्र मनाला चैन नाही. कारण मोरेश्वर गेल्यापासून दामोदर ताटावर बसतो आणि तसाच उठतो. सदरे अंगावर लोंबायला लागलेत. परवा आंचवताना म्हणाला, "मोऱ्याला तिकडे एकट्याला करमत नसेल गं." हेमलतेनं तांब्या हातात दिला. पण त्या दिवसापासून ती घाबरली आहे. नवरा डोळ्यांदेखत चाललाय, आणि ही भीती बोलून दाखवायलाही तिला कुणी नाही.

धूर पडवीत येतो. भांबुर्ड्याचा उग्र वास नाकात बसतो. परसातली बोलणी एकाएकी दबतात, वर झाकण घातल्यासारखी. हेमलतेला कळत नाही आपले डोळे मिटलेत की उघडे आहेत. जरा बघून यावं म्हणून ती उठते आणि पडवीच्या पायरीवर पाय टाकते. पायरी लोखंडाची लागते.

एसटीची पायरी आहे. ती वर चढते. गाडी रिकामी, दिवे पिवळे, आणि सगळ्या खिडक्यांतून तिचंच परस दिसतंय. विहीर, माड, दोरीवरचे कपडे, सगळं जागच्या जागी आहे आणि माणूस एक नाही. इंजिन मात्र चालू आहे, आसनं थरथरतायत. ड्रायव्हरच्या मागल्या आसनावर निळ्या चौकटीचा रुमाल टाकलेला आहे.

"या वहिनी," मोरेश्वर म्हणतात. "दाम्याला नाही आणलंत?"

खाकी सदरा, दुमडलेल्या बाह्या, कानावर विडी. हे गेलेत हे हेमलतेला पक्कं ठाऊक आहे, त्यांच्या तोंडात पाणी तिनंच घातलं होतं. तरी तिला आधी बरंच वाटतं. बरं वाटतं आणि मग अंगावर काटा येतो.

"कुणाची जागा ही, भावजी?"

"दाम्याची. धरून ठेवलीय. गाडी सुटायच्या वेळेला धावत येतो हो तो, माहितीये ना तुम्हाला."

ती रुमालाकडे हात नेते, तर हाताला रुमाल नाही, आच लागते. ती परसात उभी आहे, मडक्यासमोर. इंजिनाची घरघर कुठूनशी येतेच आहे. मोरेश्वर आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसलेत आणि शेजारच्या दामोदरच्या स्टुलावर तोच रुमाल पसरलाय. जाळ उभा आहे, पण त्याचा आवाज नाही. धूर वर चढत नाही, जमिनीवरून सरपटत माडाच्या बुंध्यात शिरतोय.

"चहा टाकू?" तिच्या तोंडून सवयीनं निघतं.

"नेहमीसारखा पाणचट करणार असाल तर नको." ते हसतात. हसणं तेच, पण धूर त्यांच्या उघड्या डोळ्यांवरून जातो आणि पापणी लवत नाही. "वहिनी, झालं का हो?"

हेमलता चपापते. जन्मभर हे विचारू दिलं नाही त्या माणसानं कुणाला.

"तुम्हीच सांगा की. तुमचं काम ते."

"मला पाण्याचा आवाज येत नाही आता. तुम्ही शिंपडा आणि सांगा. झालं म्हणालात की मडकं उघडतो, माझं अंडं घेतो आणि निघतो."

"तुमचं अंडं?"

"तुम्हीच नाही का नाव घातलंत? मला वाटलं नव्हतं कुणी घालील. म्हणून तर आलो."

आता मडक्याच्या आतून कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं. ती वाकून कान देते. आत पोरांची हसाहस आहे, कुंदाच्या बांगड्या वाजतायत, कुणीतरी चटया झटकतंय. मग खोकला येतो. सुका, दोनदा अडकणारा. तो खोकला ती झोपेतसुद्धा ओळखते.

"आत कोण आहे, भावजी?"

"तुम्हीच सगळे. आम्हाला इकडून असंच ऐकू येतं." ते पाण्याचा तांब्या पुढे करतात. "शिंपडा."

ती ओंजळभर पाणी टाकते. चर्र होतं आणि थेंब न थेंब उडून जातो. झालंय. अगदी नेमकं झालंय.

"नाही झालं अजून," हेमलता म्हणते.

"परत बघा."

ती परत शिंपडते. "नाही झालं."

मोरेश्वर तिच्याकडे बघत राहतात. "आजवर माझ्याशी खोटं बोलला नव्हतात तुम्ही."

तिला रडू फुटतं. या माणसाला तिनं जेवल्याशिवाय कधी दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. सख्खा भाऊ केला नसता इतकं त्यानं या घरासाठी केलं. आणि आज ती त्याला भरल्या ताटावरून उठवते आहे. लाज वाटते तिला, पण भीती लाजेहून मोठी आहे.

"भावजी, त्या अंड्यावर तुमचं नाव पुसून मी यांचं घातलंय. चुकून झालं. तुम्ही ते नेऊ नका."

"माहितीये. दोन्ही नावं आहेत, दोघं जाऊ." ते अगदी साधेपणानं बोलतात, पिक्चरला जायचं ठरवावं तसं. "करमत नाही हो वहिनी. बोलायला कुणी नाही. मीठसुद्धा नाही इथे."

"आणि मी काय करू?"

ते रुमालाची एक सुरकुती हातानं सरळ करतात.

"रोज दिवेलागणीला मी कुंदाकडे जाऊन बसते," हेमलता म्हणते. "ती तुमच्या खुर्चीकडे तोंड करून बसते. बोलत नाही, रडत नाही. नुसती बसते. मला तसं बसायचं नाही, भावजी. माझ्यात नाही ती ताकद. आणि मी तशी बसले, तर तिच्यापाशी कोण जाईल?"

कुंदाचं नाव निघतं आणि इंजिनाची घरघर थांबते. इतकी शांतता होते की मडक्यातल्या बांगड्या साफ ऐकू येतात. मोरेश्वर मान वाकडी करून ऐकतात.

"जेवते का ती?"

"जेवते. मी बसवते तिला."

"औषध?"

"घेते. कुरकुर करते, पण घेते."

ते मान हलवतात. मग उपड्या मडक्याच्या पाठीत हात घालतात. मडकं फुटत नाही, तडकत नाही, नुसता हात आत जातो, पिठात जावा तसा. बाहेर येतो तेव्हा हातात अंडं आहे. ते अंगठा त्यावरून फिरवतात, परत फिरवतात.

"नाव पुसलंत कशाला?"

"कुंदा शेजारी होती. तिला दिसू नये म्हणून."

"दिसलं असतं तर काय झालं असतं? रडली असती जरा. मग हसली असती." ते अंडं तिच्या तळहातावर ठेवतात आणि तिची बोटं मिटवतात. त्यांचा हात गार आहे आणि अंडं निखाऱ्यासारखं.

"पोळतंय, भावजी."

"पोळू दे. घट्ट धरा. आणि पुढल्या खेपेला पुसू नका मला."

ते उठतात, दामोदरच्या स्टुलावरचा रुमाल उचलतात, झटकतात, नीट घडी घालून खिशात ठेवतात. ती त्यांना हाक मारायला तोंड उघडते, पण धूर तोंडात शिरतो आणि ती खोकत राहते.

"अगं हेमा, तिन्हीसांजेची झोपलीस काय? बरं वाटत नाही का?"

कुंदा वाकून तिला हलवते आहे. पडवीतला दिवा लागलाय. परसात पोरांचा कालवा चाललाय आणि जाळ चांगला तडतडतोय. हेमलता उठून बसते. घसा कोरडा पडलाय आणि उजवा हात पोळतोय. मूठ अजून आवळलेलीच आहे.

"मडकं उघडलं का गं?" ती विचारते.

"कुठलं! कुणाला कळतंय झालं की नाही ते? दामूभावजी नुसते पाणी शिंपडून बसतायत. चल, तूच बघ."

कुंदा पुढे जाते. हेमलता दिव्याखाली मूठ उघडते. हातात अंडं आहे, कढत, पाल्याच्या हिरव्या डागांचं. त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलंय, "मोरेश्वर". ती ते उलटसुलट फिरवून बघते. दामोदर हे नाव कुठेही नाही.

ती अंडं पदरात घेऊन परसात येते. मडकं जाळात उपडंच आहे, तोंडात कोंबलेला पाल्याचा बोळा हललेला नाही. दामोदर आपल्या स्टुलावर बसलाय, तांब्या हातात. शेजारचं मोरेश्वरांचं स्टूल कुणी हलवलेलं नाही, त्यावर कुणी बसलेलंही नाही. दामोदर पाणी शिंपडतो आणि तिच्याकडे बघतो.

"झालं," हेमलता म्हणते. "उघडा."

मडकं काठीनं सरळ करतात, केळीच्या पानांवर ओततात. वाफेचा लोट वर जातो, सरळ वर. जो तो आपलं नाव शोधायला लागतो. सगळ्यांची अंडी सापडतात. दामोदर शेंगा चाळतो, बटाटे बाजूला करतो, मडक्यात डोकं घालून बघतो.

"माझं कुठे गेलं? मी माझ्या हातानं घातलं होतं."

"आजोबांचं अंडं पोपटीनं खाल्लं," नातू जाहीर करतो आणि सगळी पोरं फिदीफिदी हसतात.

हेमलता मटकन खाली बसते. तिला इतकं हलकं वाटतं की रडावं की हसावं कळत नाही. "माझं घ्या," ती म्हणते आणि आपलं अंडं सोलून त्याच्या पानावर ठेवते. मग पदरातलं अंडं काढून मोरेश्वरांच्या रिकाम्या स्टुलावर ठेवते, नाव वर करून.

कुंदा ते नाव वाचते. ती पहिल्यांदा रडते, तोंडावर पदर घेऊन, गेल्या इतक्या महिन्यांचं. कुणी तिला गप्प करत नाही. मग डोळे पुसते आणि हसते. "गेला तरी पहिलं अंडं यालाच," ती म्हणते.

दामोदर त्या अंड्याकडे बघतो. हे कधी घातलंस, हे काही तो विचारत नाही. मग मिठाची वाटी ओढतो, चांगली मोठी चिमूट घेतो आणि अंड्याशेजारी स्टुलावर ठेवतो.

"अळणी खायचा नाही तो," तो म्हणतो, आणि आपलं पान हेमलतेपुढे सरकवतो. "मला शेंगा वाढ. भूक लागलीय."