रिबकाबाईंचे कडू पाणी

चाकूरकडच्या खेड्यांतली जुनी माणसे रिबकाबाईंना अजून 'आमेनवाल्या बाई' म्हणतात. त्या मिशनच्या बायबलबाई होत्या. एसटीने खेड्यात जायचे, बायापोरांना सावलीत गोळा करायचे आणि शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांची हातखंडा गोष्ट दोन डोंगरांची. मोशे संदेष्ट्याने आपल्या लोकांना सांगून ठेवले होते की देवाने कबूल केलेला देश हाती आला म्हणजे अर्ध्यांनी आशीर्वादाच्या डोंगरावर उभे राहायचे आणि अर्ध्यांनी शापाच्या. रिबकाबाई पोरांचे तसेच दोन तट पाडत. शापाच्या बाजूला बसायला झुंबड उडे, कारण तिकडे प्रत्येक शापाला गळा फाडून 'आमेन' ओरडायला मिळे. "शेजाऱ्याच्या बांधाचा दगड सरकवणारा शापित असो!" असे बाई म्हणाल्या की मागे उभे असलेले एखाददुसरे बाप्ये हळूच काढता पाय घेत. रिबकाबाई त्यांना बरोबर हेरून ठेवत.

निवृत्तीनंतर त्या लातुरात, डाळमिलमागच्या वस्तीत मुलाजवळ राहायला आल्या. तिथे हेरायला एकच माणूस होते, ते म्हणजे सून शिल्पा. मुलगा रविकिरण एसटीत कंडक्टर, नांदेडच्या मुक्कामी गाडीवर. तो एक दिवसाआड घरी यायचा. शिल्पा एका क्लासच्या मुलींच्या वसतिगृहावर रेक्टर होती. माहेर लिंगायत, तेलबियांच्या व्यापाऱ्याचे. तिने रविकिरणशी लग्न केले त्या दिवशी तिच्या वडिलांनी, संगप्पांनी, दारात उभे राहून तळतळाट दिला होता, "वाटोळं होईल तुझं. माझा उंबरा पुन्हा शिवू नको." त्यानंतर शिल्पाने बाप्तिस्मा घेतला. चर्चला नेमाने यायची, गीते पाठ म्हणायची. रिबकाबाईंना तेही खटकत होते. लवकर चढलेला रंग लवकर उतरतो, असा त्यांचा हिशेब.

यंदा पावसाळा सरल्यापासून एक नवीनच सुरू झाले होते. बुधवारी शिल्पाला सुटी असे. दुपारी ती "बाजारात जाऊन येते, आत्या," म्हणून निघायची. सासूला ती आत्याच म्हणे. शेजारच्या अमीरबीचा नातू शहेबाज रिक्षा चालवायचा. ती नेहमी त्याच्याच रिक्षात बसायची, आणि रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची, दारात कधीच नाही. संध्याकाळी परत आली की पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी. एका जुडीला चार तास? हाताला डेटॉलचा वास, आणि एकदा तर खांद्यावर पांढऱ्या पावडरीचा पुसट डाग. फोन आला की ती मोरीत जाऊन हळू आवाजात बोलायची.

"कुणाचा होता गं?"

"हॉस्टेलच्या पोरीचा, आत्या."

पोरीच्या फोनला मोरी कशाला लागते? रिबकाबाईंनी विचारले नाही. मनात मात्र गाठ मारून ठेवली.

रविकिरणला सांगायचे तर पुरावा हवा. तो बायकोच्या शब्दाबाहेर नाही, उलट आईवरच उखडायचा. मग एका सकाळी शास्त्र वाचता वाचता त्यांना मोशेचा तो जुना नियम आठवला. नवऱ्याला बायकोचा संशय आला आणि साक्षीदार कुणी नसला, तर याजकाने मातीच्या भांड्यात पवित्र पाणी घ्यायचे, त्यात देवाच्या मंडपातल्या जमिनीवरची धूळ टाकायची, शाप लिहून ते अक्षर त्या पाण्यात धुवायचे आणि बाईला पाजायचे. दोषी असेल तर पोट फुगेल आणि मांडी झडेल. निर्दोष असेल तर काही होणार नाही. उलट तिची कूस उजवेल. खेड्यात हा नियम त्यांनी कधी सांगितला नव्हता. बाया भांडायला उठल्या असत्या. आता मात्र तो देवाने आपल्यासाठीच राखून ठेवला असावा असे त्यांना वाटले. कोर्ट नको, साक्षीदार नको.

दुसऱ्या दिवशी त्या चर्चमध्ये गेल्या. पण जमिनीवर धूळ कुठली! चकचकीत फरशी बसवलेली, वर फिनेलचा पोछा मारलेला. रिबकाबाई गुडघ्यावर बसून बाकांखाली बोटे फिरवू लागल्या. पाळक आत डोकावले आणि त्या प्रार्थनेला बसल्यात असे समजून पाय न वाजवता निघून गेले. शेवटी हार्मोनियमच्या पेटीमागे चिमूटभर धूळ मिळाली, ती त्यांनी रुमालात बांधली.

अडचण शाईची होती. बॉलपेनचे अक्षर पाण्यात सुटेना. त्या अमीरबीकडे गेल्या. अमीरबीचे सासरे आजाऱ्यांना कुराणातली आयत लिहून द्यायचे.

"तुमच्यात लिहून धुवून पाजतात, ते कशानं लिहितात?"

"केसरानं. चिनीच्या बशीवर. बीमाराला पाजलं की शिफा होती. का गं? कोण बीमार हाय?"

"असंच विचारलं."

"असंच कुणी केसर मागतं व्हय?" अमीरबीने डोळे बारीक केले. "आणि बरं वाटावं म्हणून पाजतात बरं का ते. वाईट व्हावं म्हणून न्हाई."

"तू शहेबाजला विचार जरा, बुधवारी कुठं फिरवतोय माझ्या सुनेला."

"रिक्षावाला हाय तो. सवारी म्हणल तिथं जातो. तुझं तोंड आणि तुझी सून, तूच विचार की."

हीसुद्धा काहीतरी लपवतेय, असे ठरवून रिबकाबाई केशराच्या चार काड्या घेऊन आल्या.

बुधवारी शिल्पा परतली तेव्हा ओट्यावर मातीचा पेला होता आणि पाणी गढूळ पिवळे. शिल्पाने वास घेतला, सासूच्या तोंडाकडे पाहिले, आणि तिला कळले. शास्त्र तिने खरोखरच वाचले होते.

"ते कडू पाणी का, आत्या?"

रिबकाबाईंना वाटले होते ती विचारेल, चिडेल, रडेल. असा सरळ सवाल आल्यावर त्याच गडबडल्या. "मन साफ असंल तर भ्यायचं काय कारण?"

"भ्याले न्हाई. पण संशय नवऱ्याला आला पाहिजे. त्यानं बायकोला याजकाकडं न्यायचं. अर्पणाला जवाचं पीठ त्यानंच आणायचं. ह्यांना आलाय का संशय?"

"त्याला डोळे हायेत कुठं?"

"मग सासूचं नाव त्या नियमात कुठं हाय, तेवढं दाखवा."

शिल्पाने पेला उचलला. "आमेन, आमेन," म्हणाली, एका दमात प्यायली आणि पेला विसळून पालथा घातला. "आता देव बघंल. त्यानं निकाल देईस्तोवर तुम्ही मला एक शब्द विचारायचा न्हाई. पाणी पाजल्यावर तसंच असतं."

ते मात्र खरे होते. पण डोळ्यांना कोण अडवणार? शिल्पा भाकरी थापताना जरा वाकली, तर पोटात कळ आली का? उठताना मांडीवर हात ठेवला, तो का?

दुसऱ्या दिवशी रविकिरण आला. रिबकाबाईंनी त्याला जेवू दिले आणि कुठून सुरुवात करावी ते मनात जुळवत राहिल्या. तोच हात धुता धुता त्यानेच बायकोला विचारले, "अप्पा कसे हायेत? काल जेवले का?"

"पेज घेतली वाटीभर. डावा हात जरा हलवला."

रिबकाबाईंच्या हातातले ताट तसेच राहिले. रविकिरणने त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आई, तिच्या वडलांना लकवा मारलाय. वाचा गेली. हिच्या आई, अव्वा, एकट्या किती उचलतील? हिचा भाऊ अडतीवर असतो तेव्हा ही जाऊन अंग पुसून, खाऊ घालून येते. त्याला कळलं तर दार बंद होईल."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू म्हणाली असतीस, चालली परत लिंगायतात."

म्हणाल्या असत्या. पण त्याच क्षणी त्यांच्या मनात दुसरेच आले, आणि ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. ज्या जिभेने पोरीला शाप दिला, तीच जीभ गेली. मनातल्या मनात त्या आमेन म्हणायच्याच बाकी होत्या.

पुढच्या बुधवारी त्या म्हणाल्या, "मीबी येते." भेट हे निमित्त. नवराबायको दोघे मिळून फसवत तर नाहीत, हे एकदा डोळ्यांनी बघायचे होते. शिल्पाने ते ओळखले, तरी रिक्षात सरकून जागा दिली.

दार शिल्पाच्या आईने, गंगम्मांनी, उघडले. आत कॉटवर संगप्पा पडलेले होते, तोंड एका बाजूला ओघळलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे. शिल्पाने जाऊन त्यांना खांद्याचा आधार देऊन उठवले. विभूती तिच्या पदराला लागली. रिबकाबाई आत पाऊल टाकणार तोच गंगम्मा दाराच्या मधोमध आल्या.

"बघायला आलाव का? तुमचा शाप कसा लागला ते?"

"मी शाप दिला न्हाई, विहीणबाई."

"तुम्ही न्हाई तर तुमच्या देवानं. गल्ली म्हणती, किरिस्तावांनी प्रार्थना करून ह्यांची वाचा घालवली. तुम्ही पोथी वाचलेल्या. खरं सांगा."

रिबकाबाई गोंधळल्या. आयुष्यभर त्यांनी शाप मोजून सांगितले होते. त्या गोष्टीला एक शेवटही होता, की हे सगळे शाप पुढे एकाने क्रुसाच्या लाकडावर टांगून घेऊन आपल्या अंगावर घेतले. पण तिथवर येईपर्यंत एसटीची वेळ व्हायची, पोरे पांगायची, आणि तो भाग घाईत उरकावा लागायचा. आज गाडी नव्हती.

"शास्त्रात शाप लई हायेत," त्या म्हणाल्या. "पण ते सगळे येशूनं स्वतःवर घेतले. दुसऱ्याच्या अंगावर टाकायला कुणाच्या हातात एकबी ठेवला न्हाई. ह्यांना रक्तदाब होता का?"

"होता. गोळ्या खात नव्हते. गोळीनं ताकद जाती म्हणायचे."

"मग त्याचं हाय हे."

गंगम्मांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. त्या नजरेत तसूभर विश्वास नव्हता. अशी नजर रिबकाबाईंना चांगली ओळखीची होती, फक्त ती आपल्यावर रोखलेली त्यांनी कधी सोसली नव्हती.

"शाप शिल्लक न्हाई म्हणता. मग माझ्या लेकीला काय पाजलाव मागल्या बुधवारी? फोनवर सांगितलंय तिनं."

आतून शिल्पा म्हणाली, "अव्वा, राहू दे की."

"चुकलं माझं," रिबकाबाई म्हणाल्या. मग आत बघून थोडे मोठ्याने, "शिल्पा, चुकलं गं."

शिल्पाने मान वर केली नाही. ती पेज फुंकत होती.

"आज बाहेरच बसा," गंगम्मा म्हणाल्या. "त्यांना तुम्हाला बघून त्रास होईल का न्हाई, मला ठावं न्हाई. फुडं बघू."

रिबकाबाई पायरीवर बसल्या. आत वाटीवर चमचा वाजला. शिल्पा कानडीत हळूच काही म्हणाली आणि म्हाताऱ्याच्या घशातून घरघर आली. ते हसणे होते की रडणे, हे बघायला रिबकाबाईंची मान दाराकडे वळली. अर्ध्यावर त्यांनी ती थांबवली, आणि रस्त्याकडे तोंड करून बसून राहिल्या.