माझा गुडघा आणि तिचा खांदा

साल २०२३. माझं वय तेव्हा त्र्याहत्तर, आणि डावा गुडघा माझ्यापेक्षाही म्हातारा.

शाळा मी चौथीपर्यंतच केली, पण बायबल मला पाठ आहे, निदान जिथे माझ्या बाजूचं काही लिहिलंय तेवढं तरी. त्यामुळे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला तसं मी घरात जाहीर केलं, की चहा-बिहा सोडणं हे पोरासोरांचं काम. मी गुडघ्याची गोळी सोडणार. ईस्टरपर्यंत दुखणं अंगावर काढायचं, प्रभूसाठी.

जावयाने उल्हासनगरच्या बाजारातून एक काठी आणून दिली होती. सिंधी दुकानदाराने त्याला सांगितलं होतं म्हणे, साईं, हत्ती टेकला तरी मोडणार नाही. मी ती दाराआड उभी केली. अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून पायावर उभा राहिलेला माणूस मी, काठी टेकत चर्चला जाऊ? छताची जाळी काढायला मात्र ती बरी होती.

आमचं घर मोरिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना उतरताना माझा एक हात कठड्यावर आणि दुसरा बायकोच्या खांद्यावर. ती जेमतेम माझ्या छातीला लागते. कळ आली की मी तिथेच थांबून मोठ्याने "हे प्रभू" म्हणायचो, म्हणजे खालच्यांनाही कळावं, की वर एक ख्रिस्ती माणूस दुःख सोसतो आहे. ती मान खाली घालून पुढची पायरी उतरायची. मला वाटायचं, तिला अभिमान वाटतो.

दर शनिवारी संध्याकाळी मंडळीतल्या कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते. गाणी झाली की ज्याला काही अनुभव आला असेल त्याने उभं राहून साक्ष द्यायची. मी दर शनिवारी उभा राहिलो. गुडघा कसा ठणकतो, झोप कशी लागत नाही, आणि तरी मी गोळीला कसा शिवत नाही. बदलापूरच्या एका बाईंनी डोळे पुसले. पुढच्या शनिवारी मी दुखणं थोडं वाढवून सांगितलं.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळची प्रार्थना आमच्याच घरी होती. ईस्टरला पहाटे आमची माणसं भजनं म्हणत फेरी काढतात, प्रभू उठला हे सांगत. बायको लग्न होऊन आली तेव्हापासून त्या फेरीत टाळ वाजवते. तिला दागिन्यांची हौस नाही, साड्यांची नाही, त्या एका पहाटेची आहे. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सहज विचारलं, मावशी, टाळ घासून ठेवलेत ना? ती म्हणाली, या वर्षी मी येत नाही.

आणि मी साक्षीला उठायच्या आत तीच उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"प्रभूची स्तुती असो," ती म्हणाली. "ह्यांनी दुखणं प्रभूला वाहिलं आणि वजन माझ्यावर टाकलं. माझा उजवा हात वर जात नाही, टाळ कुठले वाजवू? कुरेनेकर शिमोनाला शिपायांनी प्रभूचा क्रूस वाहायला वेठीस धरलं, पण ते एका दिवसापुरतं. आणि त्याला तीन मजले नव्हते."

बदलापूरच्या बाई सगळ्यात आधी हसल्या.

पाळकसाहेब हसले नाहीत, तो त्यांचा मोठेपणा. निघताना दारात हळूच म्हणाले, "काका, प्रभूने दुःख सोसलं ते दुसऱ्याचं ओझं उतरावं म्हणून."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "जपून उतरा, जिन्यात दिवा नाही."

सगळे गेल्यावर मी तिला म्हटलं, हे मला एकट्याला सांगायचं होतंस. ती भांडी आवरत म्हणाली, "एकट्याला सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं. आजही हे तिच्यासमोर म्हणणार नाही. पण अंथरुणावर पडल्या पडल्या एक हिशेब लागला. गोळी सोडणं मला सोपं गेलं, कारण लोक वाहवा करत होते. सगळ्यांसमोर काठी टेकत चालायचं नुसतं मनात आलं, तर गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं. सोडायचं होतं ते तिथे होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तेल कोमट करून तिच्या खांद्याला चोळलं. जरा जास्तच तापलं होतं, तिने मला दोन शब्द सुनावले. मग मी गोळी गिळली, काठीची जाळी झटकली, तिचे टाळ माझ्या गळ्यात अडकवले आणि तिच्या आधी तीन मजले उतरून खालून हाक मारली, "अगं, प्रभू केव्हाच उठला, तू अजून वरच?"