बदामाचं टोक कुणीकडे

माझ्या लेकीच्या साखरपुड्यात घोळ नेमका कुठे झाला, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

मुलगा आयरिश घरातला, जन्म इथला, इंग्लंडमधलाच. त्याच्या आजीने स्वतःच्या आईची अंगठी आधीच माझ्या लेकीला दिली होती. सोन्याची, दोन हातांनी धरलेला बदाम, वर मुकुट. आजी आयर्लंडमधल्या गॉलवेकडच्या कोळीवाड्यातली, त्यामुळे अंगठीमागची गोष्ट ती पहिल्याच भेटीत रंगवून सांगते. लग्न ठरलेला एक तरुण कोळी चाच्यांच्या हाती लागला, परमुलखात एका सोनाराला गुलाम म्हणून विकला गेला, आणि तिथे काम शिकून त्याने गावाकडच्या मुलीसाठी ही अंगठी घडवली. कित्येक वर्षांनी सुटून आला, तर ती बिनलग्नाची वाट पाहत होती. मला गोष्ट आवडली, पण पटली नाही. आपल्याकडे असती तर बापाने तिला पुढच्याच मुहूर्तावर उजवली असती.

साखरपुडा आमच्या मेडनहेडच्या घरी होता. रीतिरिवाजांचा कारभार लीड्सहून आलेल्या माझ्या नणंदेकडे. तिला विचारल्याशिवाय आमच्याकडे नारळही फुटत नाही. सकाळपासून लेकीच्या मागे तिचा धोशा चालू होता, तीर्थ उजव्या हातात घे, प्रसाद उजव्या हातात घे, डावा पुढे करू नकोस. लेक इथे वाढलेली, त्यात डावखुरी. पूजेला बसताना नणंदेची नजर अंगठीवर गेली.

"अगं, मोठ्यांनी दिलेली वस्तू डाव्या हातात? उजव्यात घाल बघू."

लेकीने लगेच अंगठी काढली आणि उजव्या हातात घातली. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. एरवी आत्याने बस म्हटलं की ही उभी राहते.

पूजा आटोपली. लेक आजीला नमस्कार करायला वाकली. आजीने कौतुकाने तिचे हात हातात घेतले आणि एकदम आजीचा चेहराच उतरला. तिने कोट मागितला. नातवाला म्हणाली, "मला स्टेशनवर सोड." मुलगा पांढराफटक. आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघतोय. आधी पेढा दिला नाही म्हणून? चहात साखर घातली म्हणून? काही म्हणता काही उमजेना.

शेवटी मुलानेच सांगितलं. त्यांच्यात अंगठी डाव्या हातात आणि बदामाचं टोक नखाकडे, म्हणजे लग्न ठरलेलं. टोक तसंच ठेवून तीच अंगठी उजव्या हातात, म्हणजे मुलगी मोकळी, कुणीही मागणी घालावी. थोडक्यात, भर साखरपुड्यात, आजीच्या समोर, माझी लेक नाही म्हणत होती.

नणंदेने कपाळावर हात मारून घेतला. "अहो आजी, सगळी चूक माझी! आमच्यात डावा हात शुभ मानत नाहीत हो!" हे सगळं मराठीत. मी घाईघाईने इंग्रजीत सांगितलं. आजीला आधी कळेना, मग पटलं, आणि मग ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. तिने स्वतःच्या हाताने अंगठी लेकीच्या डाव्या हाताच्या बोटात घातली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही.

पेढे आणायला मी स्वयंपाकघरात गेले, तर लेक मागोमाग आली. मी सहज म्हटलं, "आजीने तुला हे हातांचं सांगितलं नव्हतं का गं?"

"सांगितलं होतं ना. फर्स्ट डेलाच."

"मग आत्याला बोलली का नाहीस?"

ती अंगठी बोटावर फिरवत राहिली. "आत्याने सांगितलं म्हणूनच काढली, आय स्वेअर. बट उजव्या हातात घातल्यावर मला एकदम रिलीफ वाटला. का ते मला नाही माहीत. तो खूप चांगला आहे, आई. मला काही कळतच नाहीये."

मलाही कळेना. हिच्यावर रागवावं, की हिला पोटाशी धरावं? बाहेर आजी पुन्हा हसत होती आणि ते हसू मला ऐकवेना. नणंद ओरडली, "अगं, पेढे कुठे राहिले?"

मी ताट ओट्यावर ठेवलं आणि दार आतून लावून घेतलं.