सात नंबरवरचा लाल टॅग

ह्या सदरातले अनुभव माझी मोठी बहीण आवडीनं वाचते आणि मला पाठवते. मी ते वाचताना मनातल्या मनात लाल पेन फिरवत असते. वेळ लिहिलेली नाही, साक्षीदार नाही, 'काहीतरी दिसलं' म्हणजे नेमकं काय दिसलं त्याचा पत्ता नाही... माझं कामच ते आहे. भूत, भानामती, संकेत, आतला आवाज ह्यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता, हे आधी नोंदवून ठेवते. आता आहे का, ते कृपा करून विचारू नका.

मी वैशाली, वय त्रेचाळीस. छत्रपती संभाजीनगरला गारखेड्यात राहते आणि पैठण रोडवर चितेगावजवळच्या एका स्टार्ट-अपमध्ये कम्प्लायन्स मॅनेजर आहे. आमच्याकडे हीट पंप बनतात. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो ना, तसं हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतलं पाणी तापवतं. धूर नाही, सरपण नाही, वीजही कमी लागते. नियमाप्रमाणे तपासणी झाल्याशिवाय एकही मशीन गेटबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे माझं काम. माझी मुलगी म्हणते, आईला 'नाही' म्हणायचा पगार मिळतो.

माझ्याकडे हत्यारं दोनच. एक रिलीजचा कागद — त्यावर माझी सही झाली की माल गाडीत चढतो. दुसरं म्हणजे लाल होल्ड टॅग. तो मशीनला बांधला की खुद्द मालकानंही ते हलवायचं नाही. टॅगचं पुस्तक नंबर घातलेलं असतं. वरचा टॅग फाडला की खाली कार्बनची प्रत राहते. पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात, खणाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. दुसरी किल्ली कधीच हरवली आणि ती हरवल्याचीसुद्धा मी रीतसर नोंद केलेली आहे. हसा खुशाल.

तर त्या शनिवारी सिल्लोडच्या एका मुलींच्या हॉस्टेलची बारा मशीन तयार होती. प्रत्येक टाकीवर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, घरच्या कुकरला असतो तसाच. आतला दाब वाढला की त्यानं आपण होऊन उघडायचं. नाही उघडला तर कुकरचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि इथे टाकी तीनशे लिटरची. ह्या वेळचे व्हॉल्व्ह नव्या पुरवठादाराकडून आले होते. आमचा नियम असा, की बारातली कोणतीही दोन मशीन तपासायची; त्यातलं एक जरी नापास झालं तरी बाराच्या बारा थांबवून एकेक तपासायचं. हा नियम मीच लिहिला आहे.

तपासले तीन नंबर आणि नऊ नंबर. तीनचा व्हॉल्व्ह वेळेवर उघडला. नऊचा उघडेना. आमचे सीनियर टेक्निशियन शकीलभाई — मूळचे सिल्लोडचेच, पंचावन्नचे — त्यांनी पान्यानं दोन टोले दिले तेव्हा उघडला. मग पुन्हा तपासला तर बरोबर उघडला.

"रीटेस्ट पास आहे ना मॅडम? मग प्रॉब्लेम काय आहे?" अनिकेत म्हणाला. अनिकेत म्हणजे आमचा मालक, एकोणतीस वर्षांचा, हुशार, आणि त्या दिवशी घाबरलेला. सोमवारी गुंतवणूकदार येणार होते आणि मशीन हॉस्टेलला पोचलेली त्यांना दाखवायची होती. "मी कंपनी चालवू की नियम चालवू, तुम्हीच सांगा. नाहीतर मला दुसरा कुणीतरी बघावा लागेल."

शकीलभाई बाजूला उभे होते. ते एवढंच बोलले, "टोला दिल्यावर उघडला साहेब. तिथं टोला द्यायला कोन जानार हाय?"

मी काय केलं? सही केली. अकरा वाजून वीस मिनिटांनी. मागच्या कंपनीत मी अशाच एका कागदावर 'नाही' म्हणाले होते आणि त्यानंतर चौदा महिने घरी बसले होते. त्या चौदा महिन्यांची मला इतकी धास्ती बसली आहे, की 'दुसरा कुणीतरी' हे शब्द ऐकले आणि हात आपोआप पेनाकडे गेला. शकीलभाई हात पुसत निघून गेले. मला लाज वाटली, पण सही खोडली नाही.

साडेअकराला मी निघाले. लासूर स्टेशनला ताईच्या मुलीचा साखरपुडा होता, मिस्टर गेटवर गाडी घेऊन आले होते. आम्ही एकच्या सुमारास पोचलो. मंडप, सनई, मसालेभाताचा वास, नेहमीसारखं सगळं. मी मुलीकडची मावशी, त्यामुळे पुढंच बसले होते. हॉस्टेलचा विचार मी ठरवून बाजूला सारला होता.

पावणेतीनला शकीलभाईंचा फोन.

"मॅडम, गाडी अर्धी भरली हाय, डायव्हर कटकट करायलाय. सात नंबरचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"तुम्ही टॅग लावला ना त्याला. लाल. बाकीची चढवू का सगळीच उतरवू?"

मला वाटलं, हे रागावून टोमणा मारतायत. मी म्हटलं, "शकीलभाई, मी लासूरला आहे. मी कुठला टॅग लावणार?"

मग ते म्हणाले, "फोटो पाठवतो. बघून घ्या."

फोटो आला. लाल टॅग, सात नंबरच्या पाइपला तारेनं बांधलेला. त्यावर लिहिलेलं: 'क्र. ७ — व्हॉल्व्ह उघडत नाही. बाराही तपासा.' त्याखाली हातानंच 'वेळ दुपारी १:४०'. खाली माझी सही.

नुसती सही नाही हो... अक्षर माझं. माझा 'ळ' शेपटी जास्त ओढून खाली जातो, शाळेत त्यासाठी बोलणी खाल्ली आहेत मी. तो 'वेळ'मधला 'ळ' तसाच. फोटो मोठा करून मी तो 'ळ' पुन्हा पुन्हा बघितला. मी तिथंच खुर्चीत बसले. ताई पाणी घेऊन धावली.

तेवढ्यात अनिकेतचा फोन, तावातावानं. "सकाळी रिलीज देता आणि दुपारी होल्ड? आहात कुठं तुम्ही? हा टॅग तुमचा आहे की नाही, एवढंच सांगा!"

'माझा नाही' म्हटलं असतं तर पाच मिनिटांत गाडी सुटली असती. माझी नोकरीही टिकली असती. आणि ते खरंही होतं! मी टॅग लावलाच नव्हता. पण डोळ्यासमोर माझीच सही होती, आणि तिला खोटं म्हणायची माझी छाती होईना. हे धैर्य नव्हतं, सरळ सांगते. मी भेदरले होते.

"माझाच आहे," मी म्हटलं. "सगळी उतरवा. मी येतेय."

जेवणाची पंगत सोडून निघालो. साडेचारला कंपनीत पोचलो, चांगलं ऊन होतं. अनिकेत शेडच्या दारात उभा होता. शकीलभाईंनी सात नंबरला पंप जोडला आणि दाब वाढवायला सुरुवात केली. काटा व्हॉल्व्ह उघडायच्या खुणेवर आला. उघडला नाही. खुणेच्या पुढं गेला, तरी नाही. शकीलभाईंनी पान्यानं टोले दिले, दोन, चार, सहा. काही नाही. काटा चढतच होता.

"बंद करा!" अनिकेत ओरडला.

व्हॉल्व्ह काढून कापला. आतलं रबर वितळून धातूला चिकटलं होतं. दाब कितीही वाढला असता तरी तो उघडला नसता. बाकीचे अकराही तपासले. नऊ नंबरचा पुन्हा अडकला, बाकीचे दहाही ठीक होते.

"तुम्हाला कसं कळलं?" अनिकेतनं विचारलं. "सात नंबर तर कुणी तपासलाच नव्हता."

तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. खरंच, कुणीच नाही. तपासले होते तीन आणि नऊ. समजा कुणी माझ्या अक्षराची नक्कल केली. समजा खणाचं कुलूपही उघडलं. पण सात नंबर? व्हॉल्व्ह सीलबंद आले होते, बाहेरून सगळे सारखे.

मी ऑफिसात गेले. खणाला कुलूप होतं. पर्समधून किल्ली काढून खण उघडला. पुस्तकातला वरचा टॅग फाडलेला होता आणि खाली कार्बनची प्रत, अगदी स्वच्छ. क्र. ७. व्हॉल्व्ह उघडत नाही.

मी शकीलभाईंना गाठलं. म्हटलं, "खरं सांगा. तुम्ही केलंत का? मी कुणाला सांगणार नाही, उलट पाया पडेन तुमच्या."

"अल्ला की कसम मॅडम, मी नाय. मी तर डबा खायलो होतो. येऊन बघतो तर टॅग." मग म्हणाले, "सकाळी तुम्ही सही केली ना, तवा मला लई वाईट वाटलं होतं. आमच्या मोहल्ल्यातल्या दोन पोरी हायत त्या हॉस्टेलात. टॅग बघितला तवा म्हटलं, चला, मॅडमनं मनावर घेतलं."

मला रडू आलं. त्यांच्यासमोरच आलं, काय करू!

सोमवारी आम्ही दोघांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. एक अडतीसला सात नंबर स्पष्ट दिसतं, पाइप मोकळा. एक चाळीसला फोर्कलिफ्ट खोकी रचलेलं पॅलेट घेऊन मशीनच्या पुढून जाते. फार तर तीन सेकंद. चालवणाऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत. फोर्कलिफ्ट पुढं सरकते आणि मागं टॅग आहे. हलतोय, आत्ताच बांधून कुणी हात काढून घेतल्यासारखा. मी ते अकरा वेळा बघितलं. शकीलभाई तीनदा बघून उठून गेले.

ताईकडून साखरपुड्याचे फोटो मागवले. एक चाळीसच्या फोटोत मी भाचीच्या शेजारी बसले आहे, उजवा हात मांडीवर. ताईला विचारलं, तेव्हा मी काय करत होते? ती म्हणाली, "अगं, तुला दोनदा हाक मारली मी, ओटीचं ताट दे म्हणून. तू नुसती माझ्याकडं बघत होतीस, ओळख नसल्यासारखी. मला वाटलं झोप नाही झाली तुझी." मला ह्यातलं काहीच आठवत नाही. ताटही आठवत नाही, हाकही नाही.

कंपनीत माझं कौतुक झालं. अनिकेतनं सगळ्यांसमोर माझी माफी मागितली, टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून उभी होते. नवीन व्हॉल्व्ह बसवून मशीन महिन्याभरानं सिल्लोडला जाऊन सुरू झाली, तेव्हा मीही बघायला गेले. हॉस्टेलच्या दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर जागा नव्हती, म्हणून तिथली चार मशीन खाली न्हाणीघराच्या भिंतीला लागून ठेवली होती. सात नंबर नळाच्या अगदी शेजारी. मी पोचले तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते आणि वीसेक मुली बादल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. एक जण टाकीला पाठ टेकून, ऊब घेत, पाढे की काहीतरी पाठ करत होती. मला तिथं उभं राहवेना. मी गाडीत येऊन बसले.

परत आल्यावर मी घडलेल्या चुकीचा रीतसर अहवाल लिहिला. अनिकेत म्हणाला, "मॅडम, हे फाइलला लावायलाच पाहिजे का? तुमचंच नाव खराब होईल." मी म्हटलं, हो, लावायलाच पाहिजे. रिलीज आणि टॅग, दोन्ही कागद एकाखाली एक लावले. अहवालात प्रत्येक सहीपुढं कारणाचा रकाना असतो. पहिल्या ओळीत लिहिलं: '११:२०, रिलीज. सही माझी. कारण — नोकरी जाईल म्हणून घाबरले.' दुसऱ्या ओळीत: '१:४०, होल्ड. सही माझी. कारण —' आणि पुढं काही सुचेना. तसंच सोडलं.

परवा बाहेरचे ऑडिटर आले होते. साठीचे, शांत गृहस्थ. ती फाइल त्यांनी सावकाश वाचली आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, इथलं कारण राहिलंय."

"राहिलं नाही सर. मला माहीत नाही."

"सही तुमची आहे ना?"

"हो."

"मग कारण तुम्हालाच माहीत असणार."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि आपल्या वहीत माझ्या नावावर एक त्रुटी लिहून घेतली, 'स्पष्टीकरण उपलब्ध नाही' म्हणून. ते अगदी खरं आहे. आजही उपलब्ध नाही, आणि तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर मला जरूर कळवा.

पहिल्या ओळीवर मात्र त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. 'घाबरले' वाचलं, समोर बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.