जवाईबुवांसाठी साफ केलेलं तळं

भिंतीवर लावण्यासारखा एक तरी फोटो या खेपेला आला नाही, तर माझी लांब लेन्स माळ्यावर जाणार, हे बायकोनं अकोल्याहून निघतानाच ठणकावलं होतं. चूक तिची नव्हती. तीन वर्षं मी सूर्याकडं तोंड करून रानफुलं टिपत होतो आणि घरी काळे ठिपके आणत होतो. "उन्हाच्या उलट कोणी फोटो काढते काय?" असं ती दर वेळी विचारायची. मी चिडायचो, कारण उत्तर म्हणून दाखवायला फोटोच नसायचा.

या वेळी मात्र खात्री होती. माझी सासुरवाडी दर्यापूरजवळ. त्यांच्या शेताला लागून उथळ तळं आहे आणि पावसाळा सरता सरता तिथं कुमुदिनी फुलते. इवलीशी पांढरी फुलं, पाकळ्यांवर बारीक केस. सकाळचं ऊन मागून आलं की एकेक केस उजळतो. मला फक्त काठावर पालथं पडायचं होतं.

हे सगळं मी तिथं पोचल्यावर रात्री जेवताना उत्साहानं सांगत बसलो. तळ्यातली फुलं, चिखल, पालथं पडणं. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, घास हातात तसाच धरून विचारलं, "चिखलात झोपसान तुमी?"

"हो मग!" मी ऐटीत म्हटलं. तिथंच माती खाल्ली.

सकाळी जाऊन पाहतो तर काय, अख्खा काठ चकाचक! दाताळ्यानं ओढून काढलेल्या वेलांचा ढीग, त्यात माझ्या कुमुदिनी माना टाकून पडलेल्या. शेजारी सतरंजी, सतरंजीवर खुर्ची, खुर्चीवर उशी. आणि पायजमा वर खोचून गुडघाभर पाण्यात मामाजी.

"बसा जवाईबुवा! पाहाटपासून साफ करून राहिलो. आमचा जवाई चिखलात लोळला तं गावात तोंड कसं दाखवू मी?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण सासऱ्यावर ओरडता येतं थोडंच! "मामाजी, मले त्याच फुलांचे फोटो पाह्यजे होते," मी ढिगाकडं बोट दाखवलं.

"या कचऱ्याचे? अरे बापा! मले वाटलं कमळाचे. दोन कमळं ठेवली ना मी तुमच्यासाठी." त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग ते वाकून पाणी चाचपू लागले, आणि एकदम ओरडले, "हाय! एक हाय!"

फूल उपटून ते माझ्याकडं धावत सुटले.

"थांबा! जवळ नका येऊ, या लेन्सले जवळचं दिसत नाई!"

ते होते तिथं खांबासारखे थांबले. फूल कानाजवळ धरलेलं, श्वास रोखलेला, सूर्य बरोबर पाठीमागं. मी चिखलात पालथा पडलो. जवायाची इज्जत गेली ती गेलीच.

फोटोत फूल साफ हुकलं. आले ते मामाजींचे कान. लालबुंद, आतल्या शिरा दिसणारे, हनुवटीवरचे पांढरे खुंट एकेक उजळलेले. आणि तोंडावर पोराचं खेळणं मोडल्यासारखा अपराधी भाव.

घरी आल्यावर मी फोटो बायकोपुढं ठेवला आणि मुकाट्यानं माळ्याखाली स्टूल लावलं. तिनं तो उजेडाकडं धरला. मग डोळे पुसले, स्टूल ओढून भिंतीशी नेलं, स्वतःच वर चढली आणि कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं.

"दिवाळीत आईचाही काढा," ती म्हणाली. "असाच. ऊन पाठीमांगून घेऊन."